जिवाणूरोधक पॉलिमर लेप

दाराची कडी, दवाखान्यातला पलंग, एसटीतला दांडा अशा सारखा हात लागणाऱ्या जागांवर बसवायचा पॉलिमरचा, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा पातळ थर, त्यावर पडलेला जिवाणू तिथंच मरावा म्हणून. फिनाइल पुसलं की थोड्या वेळानं असर जातो, हा थर मात्र रासायनिक बंधानं धरलेला असतो, आणि चांदीच्या आयनवाल्या लेपासारखं यातून काही झिरपत नाही म्हणून साठा संपायचा प्रश्न नाही, निदान कागदावर तरी.

सुरुवात कोणाची यावर दोन मतं आहेत. बरेच जण २००१ सालचं अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातलं टिलर-क्लिबानोव्ह यांचं काम धरतात, त्यात काचेवर पॉलिव्हिनाइलपिरिडीन हा पॉलिमर बसवून त्याला हेक्झिल म्हणजे सहा कार्बनची साखळी जोडली आणि फवारलेल्या स्टॅफिलोकोकस ऑरियस जिवाणूंपैकी सुमारे ९४ टक्के मेले. पण डाऊ कॉर्निंग या अमेरिकी कंपनीच्या इस्क्विथ वगैरेंनी १९७२ मध्येच सिलिकॉनला जोडलेलं क्वाटर्नरी अमोनियम (धन भाराचं नायट्रोजन संयुग) पृष्ठभागावर पक्कं बसवून दाखवलं होतं, त्यामुळे पहिला मान तिकडे जायला हवा. २००१ चं नवेपण लांब पॉलिमर साखळीत.

जिवाणू मरतो कसा हाही वादच. साखळी भाल्यासारखी पेशीच्या पडद्यात घुसते असं आधी मानायचे, नंतर धन भाराची घनता महत्त्वाची, पडद्याला धरून ठेवणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे आयन हुसकावले जातात असं मत पुढं आलं. आखूड साखळ्यासुद्धा काम करतात हे बघता दुसरं जास्त पटतं.

पुन्हा वापरायचा खरा प्रकार एन-हॅलामाइनचा. यात नायट्रोजनला क्लोरिन बांधलेला असतो, तो जिवाणू मारण्यात खर्च झाला की ब्लीचच्या पातळ पाण्यानं पुसून परत भरता येतो. गावच्या टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर पडते तिच्यातलाच हा क्लोरिन.

खान्देशात हा विषय प्लास्टिकच्या अंगानं जवळचा, जळगाव एमआयडीसीत चटया आणि पाइप बनतात. पण चटईचं पॉलिप्रॉपिलीन असं निष्क्रिय की लेप धरतच नाही, आधी प्लाझ्मा (विजेनं भारित केलेला वायू) वगैरे देऊन पृष्ठभाग खडबडीत-सक्रिय करावा लागतो.

पाकिटावरच्या '९९.९ टक्के जिवाणू मरतात' या दाव्याबद्दल जरा सांभाळून. आयएसओ २२१९६ या अशा पृष्ठभागांच्या प्रमाणित चाचणीत ३५ अंशाला, ९० टक्क्यांवर ओलाव्यात, वरून फिल्म झाकून २४ तास ठेवतात. भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, हवा कोरडी ठाक, कडीवर धुळीचा थर, म्हणजे जिवाणू लेपापर्यंत पोचतच नाही, आणि मेलेल्या जिवाणूंचा गाळसुद्धा लेपाचा धन भार झाकतो. धुवायला साबण घेतला तर त्याचा ऋण भार क्वाटर्नरी अमोनियमला चिकटून लेप आणखी मंदावतो.