काहील नाही, भेग आहे

पालघरकडे जमीन हलली की मोबाइलवर निरोप फिरू लागतात: कोकणाखालचा ज्वालामुखी जागा होतोय, रत्नागिरी जिल्ह्यातल्या उन्हवऱ्याच्या झऱ्याचं गरम पाणी हाच पुरावा. मग कुणीतरी विचारतं, "त्याचं तोंड कुठंय?" हा प्रश्न मला फार आवडतो.

तोंड म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर कॅल्डेरा असतो. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थच काहील. जमिनीखाली साठलेला चिकट मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, वायू कोंडून धरतो, शेवटी फुटतो. कोठी रिकामी होते आणि तिचं छत आत कोसळतं. सुमात्रातल्या टोबाचं ७४ हजार वर्षांपूर्वी असंच झालं. त्या खड्ड्यात आज १०० किलोमीटर लांबीचं तळं आहे.

सह्याद्रीचा काळा खडक, बेसाल्ट, या जातीचा नाही. रसाला चिकट करणारी सिलिका त्यात जेमतेम निम्मी, त्यामुळे रस पातळ आणि वायू सहज निसटणारे. ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो लांबच लांब भेगांतून वर आला आणि थरावर थर पसरला. शेवटचा रस भेगांतच थिजला. तीच डाइक.

मुरूड-नांदगावच्या किनाऱ्यावर ओहोटीला जा. खडकाळ कातळातून सरळ रेषेत गेलेल्या काळ्या भिंती दिसतात. एकीच्या कडेवरून बोट फिरवा: कण दिसतच नाहीत, कारण तापलेला रस थंड खडकाला टेकताक्षणी गोठला. मधोमध मात्र स्फटिकांना वाढायला सवड मिळाली, तिथे पोत भरड आहे. काही डाइकमध्ये दगडाचे खांब आडवे असतात, सरपणाची चळत रचावी तसे. रस थंड होऊन आकसताना तडे थंड पृष्ठभागाला काटकोनात जातात. इथे तो पृष्ठभाग उभा, म्हणून खांब आडवे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब उभे आहेत.

आणखी एक गोष्ट. किनाऱ्यालगतच्या बहुतेक डाइक उत्तर-दक्षिण आहेत. भेग नेहमी किमान दाबाच्या दिशेला काटकोनात पडते. म्हणजे कवच पूर्व-पश्चिम ताणलं जात होतं. त्याच सुमारास हिंदी महासागरातल्या आजच्या सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटत होता.

उन्हवऱ्याच्या पाण्यामागे ना मॅग्मा, ना कुणाचा कोप. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं. जमिनीत खाली जावं तसं सहसा दर किलोमीटरला तापमान साधारण २५-३० अंशांनी वाढतं. तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं, इतकंच.