चिमटीतली पेशी

दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे पहिली वेचणी लागते. शेतात सीतादही होते, दहीभाताचा नैवेद्य दाखवला जातो आणि बाया ओटी बांधून तासाला, म्हणजे ओळीला, लागतात. अशाच एका सकाळी मी बांधावर बसून फुटलेल्या बोंडातली एक सरकी हातावर घेतली. तिच्यावरची रुई बोटांनी हळूहळू दोन्हीकडे विंचरली. मधे सरकी आणि दोन बाजूंना पसरलेले पांढरे पंख, असं फुलपाखरू तयार झालं. त्यातला एकच तंतू चिमटीत धरून उपटला. लांबी तीन सेंटिमीटरच्या आसपास.

हा एक तंतू म्हणजे एक पेशी. ती पेशींची माळ नाही, की पेशींनी बाहेर टाकलेला पदार्थही नाही. सरकीच्या कातडीतली एक पेशी लांबत गेली आणि तिचा हा तंतू झाला. शेजारच्या तासात वेचणाऱ्या काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला कापूस उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "म्हंजे हे जितं होतं म्हंता, सर?"

होय काकू, जितं होतं. बोंड फुटायच्या वेळेपर्यंत.

शाळेत पेशी शिकवताना कांद्याचा पापुद्रा काढतात. तो चांगलाच आहे, पण त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो, आणि पेशी म्हणजे डोळ्यांना न दिसणारी वस्तू असं मुलांच्या मनात पक्कं बसतं. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशी एका मिलिमीटरवर पन्नास ते शंभर शेजारी शेजारी मावतील एवढ्या लहान असतात, हे खरं. कापसाची पेशी जाडीला तशीच आहे. लांबीला मात्र ती जाडीच्या हजारपटीहून जास्त वाढते. विदर्भातल्या मुलाला पेशी शिकवायची, तर सुरुवात पऱ्हाटीपासून, म्हणजे कापसाच्या झाडापासून, करावी असं मला मनापासून वाटतं.

पऱ्हाटीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा पांढरट-पिवळसर असतं, दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होतं. फूल उमलतं त्याच सुमाराला आत, होऊ घातलेल्या बोंडात, कोवळ्या बीजांच्या कातडीवर हालचाल सुरू होते. कातडीतल्या दर तीन-चार पेशींपैकी एक पेशी फुग्यासारखी वर उचलली जाते. एका सरकीवर अशा साधारण पंधरा हजार पेशी. बोंडात तीस सरक्या धरल्या तर साडेचार लाख. या पेशी आता पुन्हा विभागत नाहीत. पुढचे जवळपास तीन आठवडे त्या फक्त लांबतात, आणि ऐन भरात दिवसाला दोन मिलिमीटरपर्यंत.

एवढी ताकद येते कुठून? पाण्यातून. वनस्पतीच्या पेशीला सगळ्यात बाहेर भिंत असते. भिंतीला आतून चिकटून पेशीपटल असतं. मिलिमीटरचे एक लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागापेक्षाही हे पटल पातळ. पाणी त्यातून सहज ये-जा करतं, पण क्षार आणि साखर यांना नेमलेल्या दारांतूनच आत यावं लागतं. पटलाच्या आत पेशीद्रव्य, आणि त्याच्या मध्यभागी पाण्याची एक मोठी पिशवी, रिक्तिका. नाव रिक्तिका असलं तरी ती रिकामी मुळीच नसते. वाढत्या तंतूची बहुतेक जागा हीच व्यापते. पेशी रिक्तिकेत पोटॅशियम आणि साखर साठवत जाते. आतलं पाणी असं दाट झालं की बाहेरचं पाणी आपोआप आत ओढलं जातं. बाजारातून आणलेली मलूल सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी पाण्यात ठेवली की तासाभरात ताठ होते, त्यामागेही हेच ओढलं गेलेलं पाणी असतं. फरक एवढाच की तंतूची भिंत त्या दिवसांत कोवळी आणि ताणली जाणारी असते. शेजारच्या पेशींकडे उघडणाऱ्या बारीक वाटाही काही दिवस बंद होतात, म्हणजे आतला दाब बाहेर निसटत नाही. दाब भिंतीला रेटतो आणि पेशी लांबते.

कापसाला पोटॅश का द्यायचं, याचं एक मोठं उत्तर इथे आहे. पोटॅश कमी पडलं की रिक्तिकेत पाणी ओढणारा क्षार कमी पडतो आणि धागा आखूड राहतो. याच तीन आठवड्यांत पावसानं लांबलचक खंड दिला तरी तेच होतं. कोरडवाहू शेतात तंतूची लांबी पुष्कळदा आभाळच ठरवतं.

या लांबलेल्या नळीच्या आत एकच केंद्रक असतं. त्यात आपल्याकडच्या अमेरिकन जातीच्या कापसाची 52 गुणसूत्रं, गावरानी कापूस असेल तर 26. मुळाच्या पेशीत, पानाच्या पेशीत आणि या तंतूत गुणसूत्रांतला मजकूर तोच असतो, फक्त प्रत्येक ठिकाणी वेगळी पानं उघडली जातात. त्या मजकुराबरहुकूम रायबोसोम प्रथिनं बांधतात, तंतुकणिका पानांकडून आलेली साखर जाळून ऊर्जा देतात, गॉल्जी पिंड भिंतीसाठी लागणारा काही माल बांधून पटलापर्यंत पोचवतो. ही यादी पाठ्यपुस्तकात चित्रांसकट आहे, इथे एवढी पुरे.

भिंत कशी बांधली जाते ते मात्र सावकाश पाहण्यासारखं आहे. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला लांबण्याचा वेग ओसरतो आणि पेशी आतून भिंत जाड करू लागते. ही भिंत सेल्युलोजची. ते तयार करणारी प्रथिनं पेशीपटलातच बसवलेली असतात, सहा-सहा ठिपक्यांची लहान फुलं असावीत तशी. आतल्या बाजूनं ती ग्लुकोजचे रेणू घेतात, एकाला एक जोडतात आणि बाहेरच्या बाजूला अतिसूक्ष्म दोर सोडत पटलावरून पुढे सरकत राहतात. कोणत्या दिशेनं जायचं याची वाट पेशीच्या आतल्या सूक्ष्मनलिका आखून देतात. त्यामुळे दोर मळसूत्रासारखे तिरके गुंडाळले जातात, आणि मधूनमधून ही दिशा उलटते. दिवसाची ऊब आणि रात्रीचा गारवा यांच्या फरकानं रोजचा थर वेगळा उमटतो. तंतूचा आडवा काप घेऊन नीट पाहिला तर खोडातल्या वलयांसारखी दिवसांची वलयं दिसतात. पिकलेल्या तंतूत नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोजच असतं.

पऱ्हाटीच्या शेतात आणखी एक पेशी आहे, जिच्याशी आपलं भांडण आहे: बोंडअळीच्या आतड्याची. बीटी कापसाला भारतात 2002 मध्ये परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक या कापसाच्या पेशींत घातलेलं असतं, आणि पेशी ते वाचून एक प्रथिन बनवतात. अळीनं पान किंवा बोंड कुरतडलं की हे प्रथिन तिच्या आतड्यात जातं. तिथलं वातावरण अल्कधर्मी, त्यात ते सक्रिय होतं. मग आतड्याच्या पेशींच्या पटलावर असलेल्या विशिष्ट प्रथिनांना ते चिकटतं आणि पटलाला छिद्रं पाडतं. आत-बाहेरचा ताळमेळ मोडतो, पाणी आत घुसतं, पेशी फुगून फुटते. आपल्या पोटातल्या पेशींवर त्याला चिकटायला तशी जागाच नाही.

गुलाबी बोंडअळीनं यावर तोड काढली. ज्या अळ्यांच्या पेशींवर ते चिकटण्याचं प्रथिन जन्मतःच बिघडलेलं होतं, त्या वाचल्या, त्यांची पिल्लंही तशीच निघाली. फरदड ठेवलेल्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवलेल्या, शेतात या अळीला पुढच्या महिन्यांतही खायला मिळत राहिलं. 2017 च्या हंगामात आपल्याकडे न उमललेल्या डोमकळ्या आणि आतून पोखरलेली बोंडं ज्यांनी पाहिली, त्यांनी पेशीपटलावरच्या एका बारीकशा प्रथिनाच्या बिघाडाचा परिणाम एकरांमध्ये पाहिला. बीटीचं प्रथिन त्याला चिकटेनासं झालं होतं.

फूल उमलल्यावर दीड-दोन महिन्यांनी बोंड तडकतं. तोवर तंतूतली पेशी मेलेली असते. रिक्तिका कोरडी पडते, पेशीद्रव्य वाळून आतल्या पोकळीत चिकटून राहतं, आणि गोल नळी चपटी होते. सेल्युलोजचे दोर तिरके गुंडाळलेले असल्यामुळे ती सरळ चपटी होत नाही, तिला पीळ पडतो, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा तंतू आणि टेरिकॉटच्या कपड्यातला पॉलिएस्टरचा तंतू शेजारी ठेवून पाहा. एक पीळ पडलेली फीत दिसेल, दुसरी काचेची कांडी. या पिळांमुळेच तंतू एकमेकांना धरतात, आणि रुईचं सूत होतं. 1665 मध्ये रॉबर्ट हुकनं बुचाच्या कापात जे कप्पे पाहून त्यांना पेशी हे नाव दिलं, ते कप्पेही मेलेल्या पेशींच्या भिंतीच होते. आपण तेच क्विंटलनं विकतो.

कापसाच्या हमीभावात लांबीबरोबर मायक्रोनियरचा आकडा असतो. लांब धाग्यासाठी 29.5 ते 30.5 मिलिमीटर आणि 3.5 ते 4.3 मायक्रोनियर. तंतू किती बारीक आहे आणि त्याची भिंत किती भरली आहे, हे हा दुसरा आकडा सांगतो. भिंत भरायच्या दिवसांत पाणी तुटलं किंवा झाड अवेळी वाळलं, तर तंतू लांब असूनही पोकळ राहतो. गिरणीत अशा कच्च्या तंतूंच्या गाठी होतात आणि रंग त्यांच्यावर नीट चढत नाही. घरातला गडद निळा किंवा काळा सुती कपडा उन्हात धरून बारकाईनं पाहिला, तर कधीकधी टाचणीच्या टोकाएवढे पांढरट ठिपके सापडतात. भिंत पुरी व्हायच्या आत वाळून गेलेल्या पेशी असतात त्या.