चॉप सॉ की कोल्ड सॉ? घरी बनवायच्या आधी हा फरक बघून घ्या

लांबून बघितलं तर दोन्ही मशीन सेमच दिसतात. खाली बेस, त्याच्यावर वाइस (लोखंड पकडणारा शिकंजा), मागे पिव्हट (ज्यावर हात खालीवर होतो तो सांधा), वर मोटर आणि गोल ब्लेड, हँडल धरून खाली दाबलं की लोखंड कापलं जातं. त्यामुळे घरी बनवणारे बरेच जण असं धरून चालतात की आधी चॉप सॉ बनवू, मग पुढेमागे कटिंग व्हील काढून दात्यांचं ब्लेड टाकलं की झाला कोल्ड सॉ तयार. तसं होत नाही, आणि प्रयत्न करून बघायची गोष्ट तर अजिबातच नाही.

चॉप सॉचं व्हील खरं म्हणजे कापत नाही, घासतं. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण रेझिनमध्ये बांधलेले असतात, प्रत्येक कण लोखंडाचा बारीकसा कण खरवडून काढतो, तो इतका तापलेला असतो की हवेत पेटतो, तीच ती ठिणगी. कण बोथट झाले की गळून पडतात आणि खालचे धारदार उघडे होतात, म्हणजे झिजणं हीच या व्हीलची धार. हे सगळं व्हायला स्पीड लागतो. १४ इंची म्हणजे ३५५ मिमीचं व्हील साधारण ३८०० आरपीएमला फिरतं, कडेला वेग पडतो सेकंदाला ७० मीटर.

कोल्ड सॉमध्ये एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) ब्लेड असतं आणि त्याचा प्रत्येक दाता लेथच्या टूलसारखी खरीखुरी चिप काढतो, गुंडाळलेली. उष्णता त्या चिपबरोबर निघून जाते, वरून कूलंट चालूच असतं, त्यामुळे कापलेला तुकडा लगेच हातात घेता येतो. पण माइल्ड स्टीलसाठी या ब्लेडला वेग हवा मिनिटाला २५ ते ३० मीटर. मिनिटाला बरं का, सेकंदाला नाही! २५० मिमीच्या ब्लेडला हिशोब केला तर ३२ ते ३८ आरपीएम, ४० धरून चाला. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं मशीनला करंट कमी मिळतोय. हेच ब्लेड ३८०० वर फिरवलं तर लोखंडाला टेकताच दाते निळे पडून मऊ होतात, किंवा एखादा दाता अडकून ब्लेडच फुटतं आणि तुकडे कुठे जातील सांगता येत नाही.

आता स्पीड कमी करायचा म्हणजे नुसती पुली बदलायची असं वाटेल, पण खरी भानगड पुढेच आहे. दीड किलोवॅटची मोटर धरा. ३८०० आरपीएमला शाफ्टवर टॉर्क (पिळाचा जोर) येतो जेमतेम ४ न्यूटन मीटर, तीच पॉवर ४० आरपीएमला उतरवली की गिअरमधला लॉस सोडून साडेतीनशेच्या वर. दोन पिलो ब्लॉक (शाफ्ट धरणारे बेअरिंग), एक शाफ्ट, फ्लँज (व्हील दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या चकत्या) आणि नट एवढ्यावर चॉप सॉ आरामात चालतो, कारण घर्षणाने व्हील धरलं जातं. कोल्ड सॉच्या ब्लेडला मधल्या भोकाच्या बाजूला आणखी छोटी भोकं दिसतात ना, ती शोभेची नाहीत, फ्लँजच्या पिना त्यात बसतात आणि टॉर्क त्या पिनांवरून जातो. नुसता नट आवळून भागत नाही.

५० हर्ट्झच्या सप्लायवर ४ पोल मोटर १४४० ला फिरते. तिथून ४० वर यायचं तर ३६ पट रिडक्शन, म्हणजे बेल्ट विसरा, वर्म गिअरबॉक्सच लागणार. जुना गिअरबॉक्स मिळाला तर मोटर बंद आणि प्लग काढलेला असताना ब्लेड जाड हातमोजे घालून धरायचं आणि पुढेमागे हलवून बघायचं. चांगलाच खेळ (ढिलेपणा) जाणवत असेल तर त्या गिअरबॉक्सचा नाद सोडा. कापताना दाता आत शिरला की ब्लेड त्या खेळाएवढं पुढे झटका खातं, पुढचा दाता जास्त खोल घुसतो, आणि एक दाता तुटला की त्याच्या मागचे पण रांगेने जातात. पिव्हटचंही तसंच. चॉप सॉला बोल्ट आणि बुश टाकून वेल्डिंग मारलं तरी तो निभावून नेतो, फार तर कट थोडा तिरका येतो. कोल्ड सॉला टेपर रोलर बेअरिंग टाकून प्रीलोड द्यावा (म्हणजे खेळ उरणार नाही इतकं आवळून ठेवावं) असं माझं ठाम मत आहे, आणि फ्रेम जड हवी, चॅनलची.

एक चेकिंग मात्र दोन्हीला करायचंच. वाइसच्या फिक्स जबड्याला गुण्या टेकवा, त्याची दुसरी बाजू ब्लेडच्या शेजारून जाऊ द्या. ब्लेडचा एकच दाता (किंवा व्हीलवरची एकच जागा) मार्करने रंगवा, तो पुढच्या बाजूला आणून गुण्याच्या त्या बाजूपासून अंतर मोजा, मग हाताने ब्लेड फिरवून तोच दाता मागे आणा आणि परत मोजा. एकच दाता का, तर ब्लेड जरा वाकडं असलं तरी माप फसत नाही. अंतर वेगळं आलं तर जबडा ब्लेडला काटकोनात नाही, शिम (पातळ पत्र्याची पट्टी) टाका. मग मशीनचा हात खालीवर करताना ब्लेड बाजूला सरकत नाही ना ते गुण्या लावून बघा. कटिंग व्हीलला बाजूचा दाब सहन होत नाही, ते तडकतं.

या दोघांच्या मधला एक प्रकार आहे आणि सगळा गोंधळ बहुतेक त्याच्यामुळेच होतो: ड्राय कट सॉ. त्याचं ब्लेड कार्बाइडच्या टोकांचं, ३५५ मिमीला साधारण १३०० ते १५०० आरपीएम, कूलंट नाही. १४४० ची मोटर स्पीड न बदलता चालते, पण ब्लेड मोटरच्याच शाफ्टवर लावू नका, मोटरची बॉडी आडवी येते आणि अर्धी कटिंग डेप्थ वाया जाते. मोटर पिव्हटच्या मागे, मधे बेल्ट, वजनही बॅलन्स होतं. फक्त पाइप, अँगल, पट्टी कापणाऱ्याने माझ्या मते घरी हाच बनवावा. कडक केलेलं स्टील कापायचं असेल तर मात्र चॉप सॉच, तिथे कार्बाइडचे दाते टिकत नाहीत. ॲल्युमिनियम असेल तर उलटं, चॉप सॉचं व्हील त्याने चोंदतं. आणि कोल्ड सॉ, चांगला गिअरबॉक्स आधीच हातात असेल तरच.

चॉप सॉच बनवणार असाल तर २८८० ची मोटर आणि ४:३ ची पुली, ३८४० मिळतात. व्हीलवर छापलेल्या कमाल आरपीएमच्या वर जायचं नाही, दोन्ही फ्लँज सारख्या मापाचे, गार्ड जाड पत्र्याचं. व्हील झिजून २५० मिमीवर आलं की कडेचा वेग ७० वरून ५० वर येतो आणि कटिंग मंद वाटतं, तेव्हा काही जण पुली बदलून स्पीड वाढवतात. मग पुढचं नवीन ३५५ चं व्हील त्याच पुलीवर चढतं आणि सुरू करतानाच फुटू शकतं. मंद वाटलं तर व्हील बदला, पुलीला हात लावू नका.