पिस्तूल उघडण्याआधी हे वाचा

(10 मीटर एअर पिस्तूल वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

गेल्या पावसाळ्यात सिन्नरहून एक गृहस्थ आले. हातात श्रीखंडाचा रिकामा डबा, आणि डब्यात मुलीच्या पिस्तुलाचा सुटा केलेला ट्रिगर. चार स्क्रू, दोन पिना आणि एक स्प्रिंग. ती स्प्रिंग बॉलपेनातली होती, पक्कडीने कापून लहान केलेली. मूळची "पलंगाखाली गेली असेल" म्हणाले. वार गुरुवार आणि मुलीची मॅच शनिवारी. आम्ही पिस्तूल दिलं, शुक्रवारी रात्री साडेअकराला. खरं काम तासाभराचं होतं. बाकीचा सगळा वेळ गेला तो ट्रिगर आधी कसा सेट होता हे शोधण्यात.

असे डबे आता महिन्याला दोन-तीन येतात, म्हणून हे पत्रक छापलं.

स्क्रू फिरवा, पण मोजून

स्टायर असो, मोरिनी असो की पारदिनी, मॅच पिस्तुलाचा ट्रिगर सेट करता यावा म्हणूनच बनवलेला असतो. त्याला हात लावू नका असं आम्ही म्हणत नाही. ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो, आणि वजन म्हणजे तो दाबायला लागणारा जोर. बहुतेक मॉडेलला पहिल्या टप्प्याचं वजन, त्याची लांबी, दुसऱ्या टप्प्याचं वजन आणि सुटल्यानंतर ट्रिगर कुठे थांबावा, यासाठी वेगवेगळे स्क्रू असतात. त्यांच्या शेजारीच, तशाच तोंडाचा आणि तशीच अ‍ॅलन की लागणारा आणखी एक असतो, सिअरचा (सिअर म्हणजे ट्रिगर दाबेपर्यंत शॉट अडवून धरणारा आतला खटका). सगळा घोळ तिथे होतो. वजन कमी करायला म्हणून माणूस सिअरचा स्क्रू फिरवतो. ट्रिगर एकदम लोण्यासारखा लागतो, माणूस खूश. पण सिअरची पकड आता केसाएवढीच उरलेली असते. मग लोडिंगचा लिव्हर बंद करताना किंवा पिस्तूल टेबलावर टेकवतानाच ते उडतं. रेंजवर शेजारच्या लेनमध्ये कोणाचं तरी पोर उभं असतं, हे सांगायला नको.

ट्रिगर बिघडला की लोक तो परत जागेवर आणायला दुसरा स्क्रू फिरवतात, मग तिसरा. आमचा वेळ खाणारी चूक हीच. एक स्क्रू चुकला असेल तर दहा मिनिटांत सापडतो. चार फिरले असतील आणि किती फिरले ते कोणी लिहून ठेवलं नसेल, तर अर्धा दिवस जातो, आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे घेताना आम्हालाच वाईट वाटतं. घेतो मात्र.

तेव्हा एवढं करा. की लावण्याआधी मोबाईलवर जवळून फोटो काढा. स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर बारीक पेनने एक सरळ रेघ मारा. एका दिवशी एकच स्क्रू, तोही पाव फेरी, आणि वहीत लिहा: कुठला, कुठल्या बाजूला, किती. मग वीस शॉट मारा. आवडलं नाही तर रेघेला रेघ जुळवून स्क्रू परत जागेवर आणा. मॅन्युअल हरवलं असेल तर आमच्याकडे बऱ्याच मॉडेलची आहेत, झेरॉक्स देतो.

आणि सिअर घासू नका. व्हिडिओत पॉलिश पेपरने चकचकीत केलेला दिसतो, तो माणूस काय करतोय हे त्याला माहीत असतं अशी आशा करू या. सिअरचा वरचा थर कडक केलेला असतो आणि तो पातळ असतो. तो गेला की खालचा मऊ धातू झिजायला लागतो आणि आज नीट चालणारा ट्रिगर महिन्याभरात आपोआप हलका होत जातो. घासलेला सिअर आम्ही दुरुस्त करत नाही, नवाच घालतो. तो परदेशातून येतो आणि वाट पाहावी लागते.

पाचशे ग्रॅम म्हणजे पाचशे

नियम सगळ्यांना पाठ आहे: 10 मीटर एअर पिस्तुलाला ट्रिगरचं वजन किमान 500 ग्रॅम. तपासताना पिस्तूल चार्ज केलेलं असतं, नळी उभी असते आणि वजन ट्रिगरच्या मध्याच्या आसपास अडकवून सपाट जागेवरून उचलायचं असतं. घरी लोक अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली सुतळीला बांधून बघतात. बाटलीचं वजन, सुतळीचं वजन, शिवाय ती झुलते. तपासणीचं वजन विकत घ्या किंवा दुकानात येऊन आमचं वापरा, त्याचे पैसे नाहीत.

"तुम्ही 520 ला का सेट करता, बरोबर 500 ला का नाही?" हे आम्हाला कायम ऐकावं लागतं. कारण डिसेंबरात सकाळी सातला निफाडहून येणाऱ्या मुलाच्या पिस्तुलातलं ग्रीस आणि मे महिन्यात दुपारी गाडीच्या डिकीत राहिलेल्या पिस्तुलातलं ग्रीस सारखं वागत नाही. वीस ग्रॅम बोटाला कळत नाहीत. मॅचनंतरच्या तपासणीत वजन उचललं गेलं नाही तर साठ शॉटची मेहनत अपात्र ठरते.

याच कारणासाठी "पंधरा मिनिटांचं काम" आम्ही चार दिवस ठेवून घेतो. सेट करतो, रात्रभर ठेवतो, सकाळी पुन्हा वजन लावतो, साठ छर्रे मारतो, परत वजन लावतो. बोलून दाखवत नाही, पण त्या साठ छर्‍यांचा खर्च आमचा असतो.

स्पीड वाढवून द्या

नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 150 मीटर वेगाने गेला की ऊर्जा साधारण साडेपाच ज्यूल होते. तोच 200 मीटरने गेला तर 10 ज्यूल. टार्गेटच्या कार्डाला दोन्ही सारखंच. दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं आहे आणि छर्रा जोरात लागला म्हणून ते मोठं होत नाही. हवा मात्र लवकर संपते आणि हाताला झटका वाढतो. मोजायचं असेल तर दहा शॉटमध्ये स्पीड किती खाली-वर होतो ते मोजा. आमच्याकडे क्रोनोग्राफ (छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र) आहे. फरक जास्त आला तर रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) साफ करून सील बदलू, ते काम जरूर द्या.

कायद्याचंही लक्षात ठेवा. शस्त्र नियम 2016 प्रमाणे 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठा बोअर (नळीचा आतला व्यास) किंवा 20 ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असलेलं हवेचं हत्यार परवान्याच्या कक्षेत येतं. पाखरांसाठी बंदुकीत जड स्प्रिंग टाकून मागणारेही येतात. त्यांना चहा पाजून परत पाठवतो.

अलीकडे कॉलेजची मुलं प्लास्टिक गोळ्यांची 6 मिलिमीटरची एअरसॉफ्ट पिस्तुलं घेऊन येतात: स्प्रिंग बदला, तोंडाचा नारिंगी रंग काढा. 0.20 ग्रॅमची गोळी सेकंदाला 100 मीटरने गेली की 1 ज्यूल, वेग दुप्पट केला की 4. आतले भाग बहुतेक प्लास्टिकचे नाहीतर ओतीव जस्ताच्या मिश्रधातूचे, ते हा जोर सोसत नाहीत. आणि काळं केलेलं पिस्तूल सीबीएस बसस्टँडवर बॅगेतून बाहेर काढलं तर समोरच्या हवालदाराला ते खेळणं आहे हे कसं कळावं? नकली हत्याराचं खऱ्यात रूपांतर करायला शस्त्र कायदा 1959 च्या कलम 6 नुसार परवाना लागतो, हेही माहीत असू द्या. या पिस्तुलांचं कुठलंच काम आम्ही घेत नाही.

सिलिंडर

पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबापर्यंत कोरडी हवा, दुसरं काही नाही. सातपूर-अंबडला वेल्डिंगचा ऑक्सिजन कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो आणि "भरून बघू का" असं दोघांनी विचारलंय. ऑक्सिजन, दाब आणि तेलाचा एक थेंब एकत्र आले की स्फोट होतो. सिलिंडरच्या तोंडाला शिलाई मशीनचं तेल लावणाऱ्यांनीही हे वाचावं. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, दहा वर्षं झाली की तो बाद. जुनं पिस्तूल घेताना आधी ही तारीख बघा. स्वस्त का मिळतंय ते तिथेच कळतं.

बदल करायचाच असेल तर ग्रिप

स्कोअर वाढवणारा बदल बहुतेक वेळा लाकडात असतो. तळवा आणि ग्रिप यांच्यात फट राहिली की प्रत्येक शॉटला पकड बदलते. कानस आणि वूड पुट्टी घेऊन घरीही करता येतं, हळूहळू घासा. तळहात टेकायच्या भागाचा कोन 90 अंशांपेक्षा कमी नको, मनगट मोकळं हवं, पिस्तूल 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या पेटीत बसायला हवं आणि सगळं मिळून वजन 1500 ग्रॅमच्या आत. आमच्याकडे हाताचा ठसा घेऊन अक्रोडाच्या लाकडात ग्रिप करून देतो. दोनदा फिटिंगला यावं लागतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

दुरुस्तीला येताना पिस्तूल बंद स्थितीत, छर्रा नसलेलं, केसमध्ये आणा. खरेदीचं बिल आणि ओळखपत्र सोबत असू द्या. काय-काय फिरवलंय ते खरं सांगा, रागावत नाही. मॅच असेल तर निदान आठ दिवस आधी या. तपासणीचे 300 रुपये, काम दिलंत तर बिलातून वजा. मंगळवारी दुकान बंद.