तरंगणारा शर्मन आणि तळावरून चालणारा शर्मन

दुसऱ्या महायुद्धात, 6 जून 1944 ला, फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्याबरोबर उतरलेले अमेरिकी बनावटीचे शर्मन रणगाडे पाण्यातून आले, हे सगळ्यांना ठाऊक असते. ते दोन अगदी वेगळ्या रीतींनी आले, हे मात्र पुष्कळदा सुटून जाते. एक डीडी, म्हणजे डुप्लेक्स ड्राइव्ह. हा समुद्रावर तरंगत येतो. दुसरा वेडिंग (wading, म्हणजे पाण्यातून चालत जाणारा) शर्मन. तो लँडिंग क्राफ्टच्या, म्हणजे रणगाडे किनाऱ्याला नेणाऱ्या सपाट तळाच्या बोटीच्या, रॅम्पवरून पाण्यात उतरतो आणि तळावरून पट्ट्यांवर चालत वर येतो. डीडीचा भरवसा पाण्याच्या पृष्ठभागावर, वेडिंगचा तळावर. दोघांची सगळी दुखणी इथूनच निघतात.

डीडीची कल्पना हंगेरीत जन्मलेल्या निकोलस स्ट्रॉसलर या अभियंत्याची. गाड्याभोवती कॅनव्हासचा पडदा. त्यात उभ्या बसवलेल्या 36 रबरी नळ्यांत दाबाची हवा भरली की पडदा वर उभा राहतो आणि आतल्या लोखंडी टेकूंनी तो अडकवून धरायचा. एवढ्या कामाला सुमारे पंधरा मिनिटे लागतात. मग तीस टनांचा गाडा लोखंडी घमेल्यासारखा तरंगतो. गाड्याचे धड पाण्याच्या पातळीखालीच असते. समुद्र आणि आतले पाच जण यांच्यामध्ये फक्त कापड. पाण्याबाहेर राहणारी पडद्याची कड पुढे जेमतेम तीन फूट, मागे त्याहून कमी.

ताकद पोहोचवण्याची युक्ती बघण्यासारखी आहे. शर्मनचा गिअरबॉक्स पुढे आणि पट्टा ओढणारे दातेरी चाकही पुढेच. प्रोपेलर मात्र मागे असायला हवेत. म्हणून पट्ट्यांनीच मागची चाके फिरवायची आणि त्या चाकांवरून दोन प्रोपेलरना गती द्यायची. त्यामुळे पोहतानाही पट्टे फिरतच असतात आणि वाळू लागताक्षणी गाडा थांबत नाही. वेग साधारण 4 नॉट, म्हणजे ताशी सात-साडेसात किलोमीटर. कमांडर बुरुजामागच्या फळीवर उभा राहून पडद्यावरून डोकावतो आणि हातातल्या दांड्याने दिशा देतो.

हे सारे फूटभर लाटांसाठी बेतलेले होते. नॉर्मंडीतल्या ओमाहा या अमेरिकी सैन्याच्या किनाऱ्यासमोर त्या सकाळी सहा फुटांपर्यंत लाटा होत्या. अमेरिकेच्या 741 व्या टँक बटालियनचे 29 डीडी पाच किलोमीटरहून जास्त अंतरावरून सोडले गेले. 4 नॉटने हे अंतर म्हणजे चाळीसहून अधिक मिनिटे पाण्यात. 27 बुडाले, दोनच पोहत किनाऱ्याला लागले. एका क्राफ्टवरचा पहिला गाडा उतरताच बुडाला आणि उरलेल्या तिघांचे पडदे एकमेकांवर आदळून फाटले. ते तिघे सरळ वाळूवर नेऊन उतरवले, म्हणून वाचले. शेजारच्या 743 व्या बटालियनचे डीडी समुद्र पाहून पाण्यात सोडलेच नाहीत, क्राफ्टनेच थेट किनाऱ्यावर नेले. म्हणजे खोट यंत्रात कमी, निर्णयात जास्त. युटा या दुसऱ्या अमेरिकी किनाऱ्यावर गाडे जवळून सोडले, तिथे 32 पैकी 28 पोहोचले. उरलेले चार सुरुंगावर गेलेल्या क्राफ्टबरोबर बुडाले होते.

वेडिंग शर्मनला पडदा नाही. साधा शर्मन सुमारे एक मीटर पाण्यातून जातो. तो सहा फुटांपर्यंत न्यायचा तर दोन कामे करावी लागतात. एक, इंजिनावर मागच्या बाजूला दोन उंच पत्र्याची धुराडी बसवायची; एकातून हवा आत, दुसऱ्यातून गरम हवा आणि धूर बाहेर. दोन, झाकणे, तोफेचा जोड, बुरुजाची कड, सगळ्या फटी चिकट लेपाने आणि कापडाने बंद करायच्या. हे काम कंटाळवाणे असते आणि म्हणूनच तिथे चुका होतात. एक फट राहिली की ड्रायव्हरच्या पायाशी पाणी. शिवाय लाटेची उंची त्याच सहा फुटांतून वजा धरायची. शांत पाण्यात पाच फूट खोली चालेल, पण दोन फुटांची लाट आली की धुराड्याच्या हिशोबाला अर्थ उरत नाही.

याचा खरा शत्रू मात्र खड्डा. नोव्हेंबर 1943 मध्ये पॅसिफिक महासागरातल्या तरावा बेटांवर अमेरिकी मरीनचे शर्मन, तेही धुराड्यांशिवाय, प्रवाळाच्या कड्यावरून किनाऱ्याकडे चालत निघाले, तेव्हा पुढे माणसे चालवून खड्डे दाखवावे लागले. तरी काही गाडे पाण्याखालच्या खड्ड्यांत गेलेच, आणि त्यातले बरेच खड्डे आपल्याच तोफांच्या गोळ्यांचे. किनारा जितका जास्त भाजून काढाल, तितकी वेडिंग गाड्याची वाट बिघडते, हे तोफखान्याच्या नियोजनात सहज विसरले जाते.

गोळीबाराच्या बाबतीत फरक आणखी ठळक आहे. तरंगणाऱ्या डीडीला तोफ चालवता येत नाही. पडदा तोफेच्या वर असतो. पट्टे जमिनीला लागले, पडदा पाडला, मगच पहिला गोळा. उथळ पाण्यात थांबून मारा करणाऱ्या गाड्यांना वेगळाच फटका बसला: भरती चढत होती, पडदा खाली होता आणि इंजिनात पाणी शिरले. याउलट एलसीटी(ए) या रणगाडे वाहणाऱ्या खास बांधणीच्या क्राफ्टवर पुढचे शर्मन उंच फळ्यांवर उभे करून रॅम्पवरून समोर डागत आणले गेले. डीडी पायदळाच्या आधी किंवा बरोबर गुपचूप पोहोचावा यासाठी. वेडिंग गाडा येता येता मारा करू शकावा यासाठी.

फोटोत ओळखायचे तर मागे उंच धुराडे दिसले की वेडिंग, अंगाभोवती घडी पडलेले कापड आणि मागे वर उचललेले प्रोपेलर दिसले की डीडी. पण घडी पडलेल्या पडद्यावरून तो गाडा पोहत आला असे धरू नये. नॉर्मंडीतल्याच गोल्ड या ब्रिटिश किनाऱ्यावरही समुद्र खवळलेला म्हणून डीडी बहुतेक थेट वाळूवर किंवा अगदी जवळच उतरवले होते.