‘द शायनिंग’ झपाटलेल्या हॉटेलात शूट झालेला नाही हो!

पणजीत इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) आला की हॉरर पिक्चरवरून वाद ठरलेला, कोण म्हणतं ‘द शायनिंग’चं पुस्तकच भारी, कोण म्हणतं पिक्चरच्या दिग्दर्शकाने, कुब्रिकनेच त्याचं सोनं केलं, आणि मग मांडवीकाठी चहा घेता घेता कुणीतरी हमखास सोडून देतो की ‘द शायनिंग’ खऱ्या भुताटकीच्या हॉटेलात शूट केलाय आणि तिथली 237 नंबरची खोली अजून बंद आहे. साफ थाप!

त्याचं असं आहे, पुस्तकाचा लेखक स्टीफन किंग 1974 मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या स्टॅनली हॉटेलात 217 नंबरच्या खोलीत राहिला, सीझन संपत आलेला, हॉटेल रिकामं, तिथून त्याला कादंबरी सुचली. भुताच्या गप्पा त्या हॉटेलाच्या. पण 1980 च्या पिक्चरसाठी कुब्रिकने तिथे शूटिंग केलंच नाही. बाहेरून दिसतं ते ऑरेगनमधलं टिंबरलाइन लॉज, आणि आतलं सगळं, ते लांबलचक कॉरिडॉर, तो मोठा हॉल, लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओतला सेट. शेवटी झुडपांच्या चक्रव्यूहात दिसतो तो बर्फपण खोटा, मीठ आणि थर्माकोलचा चुरा! (चक्रव्यूह पुस्तकात नाहीच, तिथे झुडपांचे कापलेले प्राणी हलतात.)

मग पिक्चरमधली 237? पुस्तकात खोली 217च आहे. टिंबरलाइनवाल्यांना भीती की पिक्चर बघून 217 कुणी घेणारच नाही, म्हणून त्यांनीच नंबर बदलायला सांगितला, 237 त्यांच्याकडे नव्हतीच. आता लोक तिथे मुद्दाम 217च मागतात, घ्या!

स्टॅनलीत शूट झाली ती 1997 ची टीव्ही मालिका, किंगने स्वतः लिहिलेली, कारण कुब्रिकचा पिक्चर त्याला पटला नव्हता. मला विचाराल तर मालिका जाम बोअर आहे.