देव जवळ असणं आणि तो जवळ वाटणं

एकटं पडलेलं माणूस प्रार्थनेबद्दल बोलायला लागलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "देव माझ्यापासून लांब गेलाय." जरा खोदून विचारलं तर कळतं, त्याला म्हणायचंय एवढंच की हल्ली काही वाटत नाही. पूर्वी गीत गाताना डोळे भरून यायचे, आता नुसते ओठ हलतात. देवाचं सान्निध्य आणि त्या सान्निध्याची जाणीव यांची इथे गल्लत होते. मग एकटेपणाच्या जोडीला आणखी एक ओझं येतं: आपलाच विश्वास कमी पडला.

सान्निध्य हा देवाच्या बाजूचा मामला. ते प्रभू येशूच्या शब्दावर उभं आहे: "युगाच्या समाप्तीपर्यंत मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे" (मत्तय 28:20). सर्व दिवस म्हणजे कोरडे, कंटाळवाणे दिवससुद्धा त्यातच आले. जाणीव मात्र आपल्या बाजूची. झोप झाली नाही, शोक ताजा असला, शरीर थकलं की ती मंदावते. उलटही होतं: सुंदर संगीत आणि भरलेली मंडळी यांनी गळा दाटून येतो. चांगलंच आहे ते, पण त्यावरून देव किती जवळ आला हे मोजता येत नाही.

बायबलमधला, घरातून पळालेला याकोब उशाला धोंडा घेऊन उघड्यावर झोपला. जागा झाल्यावर म्हणाला, परमेश्वर या ठिकाणी आहे आणि मला ते ठाऊक नव्हतं (उत्पत्ती 28). अम्माऊस गावाच्या वाटेवरची गोष्ट तर मला याहून विलक्षण वाटते. मरणातून उठलेला येशू आपल्या दोन शिष्यांबरोबर चालतोय, बोलतोय, आणि ते त्याला ओळखत नाहीत. भाकर मोडताना ओळखतात, तर त्याच क्षणी तो दिसेनासा होतो! तरी ते हताश होऊन बसत नाहीत, लगेच उठून यरुशलेमला परततात.

बायबलमधलं स्तोत्र 23 पाठ असलेल्यांनी एकदा त्यातली सर्वनामं बघावीत. हिरवी कुरणं, संथ पाणी असेपर्यंत दावीद देवाला "तो" म्हणतो. मृत्युच्छायेची दरी आली की "तू माझ्याबरोबर आहेस." देवाविषयी बोलता बोलता तो देवाशी बोलायला लागतो, तेही अंधारात. स्तोत्र 88 मध्ये तर दिलासा शोधूनही सापडत नाही, ते अंधारातच संपतं. पण सगळी तक्रार देवाच्या तोंडावर केलेली आहे, पाठीमागे नाही. जाणीव गेली तरी बोलणं सुरू ठेवता येतं, ते असं.

मदर तेरेसा 1997 मध्ये वारल्या. 2007 मध्ये त्यांची पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला: कित्येक दशकं त्यांना आत देवाची अनुपस्थितीच जाणवत होती. त्या काळात सेवा आणि प्रार्थना मात्र थांबली नव्हती.

म्हणून एकटेपणात "मला काही वाटतंय का?" असं मन चाचपत बसू नये, असं माझं मत. भावना ओढूनताणून आणायला गेलं की आणखी कोरडं वाटतं. एक लहान स्तोत्र मोठ्याने वाचावं, दोन वाक्यं देवाशी बोलावीत आणि झोपावं. झोपणं ही पळवाट नव्हे. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. तो झोपला, दूताने भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, तो पुन्हा झोपला, पुन्हा जेवला. पुढे होरेब डोंगरावर वारा, भूकंप आणि अग्नी होऊन गेल्यावर मंद वाणी आली. "मी एकटाच उरलोय," हे त्याचं पालुपद तिथेही सुरूच होतं. देवाने सांगितलं, बआल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले 7000 जण इस्राएलात आहेत, आणि त्याला एका माणसाकडे पाठवलं. तो माणूस, एलीशा, तेव्हा शेतात नांगरत होता, पुढे बैलांच्या जोड्या आणि बाराव्या जोडीपाशी तो स्वतः.